पाकिटातले वीस हजार

बिलिंग काउंटरवरच्या मुलीनं प्रिंटरमधून लांबलचक कागद ओढला, शेवटच्या आकड्याभोवती निळ्या पेननं गोल केला आणि काचेखालच्या फटीतून माझ्याकडे सरकवला. "बेन, आटला तमारे भरवाना." अठरा हजार ऐंशी रुपये. मी पर्समध्ये कार्ड शोधायला लागले, तेवढ्यात मागच्या व्हीलचेअरवरून काकांचा हात पुढे आला. मनगटावर सलाईनची चिकटपट्टी तशीच होती आणि हातात एक पांढरं पाकीट. पाकिटावर त्यांच्या ठसठशीत, हिशेबाच्या वहीतल्या अक्षरात लिहिलेलं: 'दवाखाना. माझ्या वाट्याचे.' आत पाचशेच्या चाळीस नोटा. मुलीनं नोटा मशीनमध्ये घातल्या, मशीन फर्रकन फिरलं, एकोणीसशे वीस परत आले. काकांनी ते मोजून पुन्हा त्याच पाकिटात घातले आणि म्हणाले, "चल, भूक लागली."

मला भूक नव्हती. बडोद्याच्या सूरसागर तलावाच्या कडेनं गाडी घराकडे निघाली तरी ते पाकीट डोक्यातून जाईना. बिल हातात येऊन दहा मिनिटंही झाली नव्हती, आणि पाकीट तर अ‍ॅडमिट झाले त्याच सकाळी काकूनं कपाटाच्या मधल्या खणातून काढून आणलं होतं. वरची शाई जुनी होती, कडा पिवळ्या पडायला लागल्या होत्या. आपल्या आजारपणातला आपला वाटा किती, हे माणसाला आजारी पडायच्या आधी कसं कळतं? आणि ज्याला हे इतकं नेमकं कळतं, तो माणूस छातीत दुखत असताना अख्खी रात्र भिंतीकडे तोंड करून गप्प का पडून राहतो?

तर ती रात्र वासी उत्तरायणाची. १४ जानेवारीला बडोद्यात कोणी घरात नसतं, सगळे गच्चीवर असतात, आणि १५ ला पुन्हा गच्चीवर. दांडिया बाजारातल्या काकांच्या घराची गच्ची आजूबाजूच्या गच्च्यांना इतकी चिकटलेली आहे की कुणाचा पतंग कुणी कापला याचे वाद तीन घरांत मिळून होतात. २०२५ च्या उत्तरायणालाही काका अडुसष्टाव्या वर्षी बोटांना पट्ट्या गुंडाळून पेच लावत होते आणि फिरकी धरायला मी, लहानपणी धरायचे तशीच. खाली काकूचा तिळगूळ, शेजारच्या भाभींचा उंधियू, रावपुऱ्यातून आलेली जिलबी, सगळं एकाच ताटात. रात्री जेवणं झाल्यावर त्यांच्या छातीवर काही तरी ठेवल्यासारखं झालं आणि डावा खांदा भरून आला. खांदा पतंगामुळे आणि छाती उंधियूमुळे, असा निकाल त्यांनी स्वतःच लावून टाकला. ओवा चावला, गरम पाणी प्यायले. काकूला झोप लागली होती, तिला उठवलं नाही. पहाटे दूधवाला आला तेव्हा पिशवी घेता घेता दारातच बसले आणि म्हणाले, जरा बरं वाटत नाही. "१०८ ला फोन का नाही केला हो?" मी नंतर विचारलं. म्हणाले, "ती गाडी खऱ्या पेशंटांसाठी असते."

किती दुखलं की माणूस खरा पेशंट होतो, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

काका बँकेतून निवृत्त झालेत. (बडोद्यात नुसतं बँक म्हटल्यावर कुठली ते विचारायची पद्धत नाही.) त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीची फाइल आहे, आणि आरोग्य विम्याच्या फाइलचे दोन संच आहेत. दुसरा संच सुरक्षित राहावा म्हणून माझ्याकडे ठेवला होता, अकोट्याला, तळमजल्यावर. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्रीचं पाणी आमच्या सोसायटीत शिरलं तेव्हा सगळ्या घराआधी ती फाइल नदीनं वाचून काढली. पाणी उतरल्यावर मी एकेक पान सुटं करून दोरीवर वाळत घातलं. गाळाचा वास, फुगलेला कागद, आणि अर्धवट पुसलेली अक्षरं. त्या निमित्तानं मी पहिल्यांदा पॉलिसीची शेवटची पानं पाहिली. जे दवाखान्यात वापरलं तरी कंपनी देणार नाही, त्याची यादी. लहान मुलांचं खाणं, मिनरल वॉटर, कपडे धुण्याचा खर्च, टीव्ही, टेलिफोन, डायपर, क्रेप बँडेज, सामान नेण्याची पिशवी. पुढच्या यादीत, खोलीच्या भाड्यातच धरायच्या वस्तूंमध्ये, कंगवा आणि चक्क ओ-डी-कोलोन. कुणाच्या तरी मनात आजारी माणूस असा होता: खाटेवर पडलाय, केस विंचरलेले आहेत, आणि उशीला मंद सुगंध येतोय. ऊन लागून ते पान कडक झालं तेव्हा मी ते उगाच दोनदा वाचलं.

काकांच्या पिढीला सगळा आरोग्य विमा म्हणजे 'मेडिक्लेम'. १९८६ मध्ये सरकारी कंपन्यांनी त्या नावाची पॉलिसी काढली ते नाव जिभेवर बसलं ते बसलंच. प्रत्यक्षात त्यांची आणि काकूची मिळून आता 'आरोग्य संजीवनी' आहे, १ एप्रिल २०२० पासून सगळ्या कंपन्यांनी एकाच साच्यात विकायला घेतलेली. दोघांत मिळून पाच लाख. त्यात को-पे पाच टक्के, म्हणजे मंजूर झालेल्या खर्चातले शंभरातले पाच रुपये आपले, वय काहीही असो, आजार कुठलाही असो. काकांचं अँजिओप्लास्टीचं बिल दोन लाख चाळीस हजार. त्यातले सहा हजार चारशे त्या न मिळणाऱ्या यादीतले. उरलेल्या दोन लाख तेहेतीस हजार सहाशेवर पाच टक्के, अकरा हजार सहाशे ऐंशी. दोन्हींची बेरीज काउंटरवरच्या मुलीनं गोल केलेला आकडा. यात गूढ काही नव्हतं. पण मी कॉमर्सची असूनही माझ्या स्वतःच्या पॉलिसीत को-पे आहे की नाही हे मला त्या दिवशी सांगता आलं नसतं, आणि माझ्या ओळखीतल्या बहुतेकांना आजही सांगता येणार नाही. आपल्याला सम इन्शुअर्ड, म्हणजे विम्याची एकूण रक्कम, पाठ असते. पाच लाख, दहा लाख. लग्नात मुलाचा पगार सांगतात तशी आपण ती सांगतो. त्यातलं आपलं किती हे विचारणं कुठे तरी अशुभ वाटतं.

अ‍ॅडमिशनच्या वेळचा प्रसंग तर मी कुणाकुणाला सांगितलाय. कॅज्युअल्टीत ईसीजी झाला होता, जिभेखाली गोळी होती, कपाळावर घाम, आणि डेस्कवरचा मुलगा मला विचारत होता, "डिलक्स आपी दऊं? आठ हजार." मी हो म्हणणारच होते. अशा वेळी कोण नाही म्हणतं? आपल्या माणसाला आपण काही कमी केलं असं व्हायला नको, एवढंच डोक्यात असतं, आणि दवाखान्यांना ते पक्कं ठाऊक असतं. स्ट्रेचरवरून काकांनी मान न वळवता दोन बोटं वर केली. मला वाटलं, पाणी मागतायत. ते म्हणत होते, "दोन खाटांची. ट्विन शेअरिंग."

त्यांच्या पॉलिसीत खोलीला रोजचे पाच हजार मिळतात. आठ हजारांची घेतली असती तर फक्त वरचे तीन हजार रोज खिशातून गेले असते, असंच मी धरून चालले होते. तसं नसतं. खोली महाग घेतली की डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग, हे सगळंच दवाखाना वरच्या दरानं लावतो, म्हणून कंपनी त्या सगळ्याचे पैसे पाच-अष्टमांश करून देते. शंभराला साडेबासष्ट. औषधं, स्टेंट, तपासण्या आणि आयसीयू यांना ही कात्री लागत नाही, तेवढं २०२० च्या नियमांनी वाचवलंय. तरी दोन दिवसांच्या डिलक्सपायी तीस-चाळीस हजार सहज गेले असते, आणि तेही अशा ओळीत की वाचून कुणाला कळू नये. खोलीत एसी तोच होता, नर्स त्याच होत्या. डिलक्समध्ये एक सोफा जास्त असतो.

दोन खाटांच्या खोलीतला दुसरा माणूस मांडवीचा कापड-व्यापारी निघाला. पडदा अर्धा सरकवून काका आणि तो दिवसभर बोलायचे. डॉक्टरांनी कमी बोला सांगितलं होतं. त्याच्याकडे तीन लाखांवरचा टॉप-अप होता, म्हणजे खर्च तीन लाखांच्या वर गेला की सुरू होणारी जोडपॉलिसी. याच वर्षात तो दुसऱ्यांदा अ‍ॅडमिट झाला होता, दोन्ही वेळा साधारण दोन-दोन लाख. आता टॉप-अप कामाला येईल अशा समजुतीत तो निवांत होता. काकांनी अगदी हळू, बडोद्याच्या मराठी माणसाला येतं त्या गुजरातीत, त्याला समजावलं की टॉप-अपमध्ये प्रत्येक क्लेम वेगळा मोजतात. तुमचा एकही क्लेम तीन लाखांच्या वर गेला नाही, म्हणून तुम्हाला काहीच मिळणार नाही. सुपर टॉप-अप असता तर वर्षाची बेरीज धरली असती, चार लाख, आणि तीनच्या वरचा एक लाख मिळाला असता. 'सुपर' या शब्दाची किंमत एक लाख, आणि हप्त्यात फरक जेमतेम. तो माणूस बराच वेळ छताकडे बघत राहिला. मग त्यानं मुलाला फोन लावला आणि एजंटचं नाव घेऊन जे काही बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याच्या मॉनिटरवरचे आकडे चढलेले बघून सिस्टर धावत आली आणि रागावली काकांनाच.

काकांचा स्वतःचा सुपर टॉप-अप आहे, डिडक्टिबल, म्हणजे वरची पॉलिसी सुरू व्हायच्या आधी खर्च व्हायला हवी ती रक्कम, पाच लाख. खालच्या पॉलिसीचं तोंड जिथे संपतं तिथूनच वरची सुरू. ही रचना त्यांना फार आवडते. खाली पाच लाखांची एक, तिच्यावर दुसरी, आणि फटीतून जे गळेल त्याच्यासाठी पाकीट. फाइलमध्ये वर्तमानपत्राचं एक कात्रणही लावलंय: २०२३ मध्ये बडोद्याच्याच ग्राहक आयोगानं, दवाखान्यात चोवीस तास भरले नाहीत म्हणून नाकारलेला क्लेम कंपनीला द्यायला लावला होता. उपचार आता लवकर होतात, तेवढा वेळ माणूस राहतोच कुठे, असं आयोगाचं म्हणणं. काकांनी त्याखाली लाल पेननं 'जपून ठेवणे' लिहिलंय. डिस्चार्जच्या दिवशीही ते घड्याळ लावून बसले होते. अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असा नियम २०२४ च्या मे महिन्यात आलाय, आणि उशीर झाला तर त्यापायी वाढलेलं बिल कंपनीच्या माथी. मंजुरी दोन तास चाळीस मिनिटांत आली. काका थोडे हिरमुसले, असं मला वाटलं.

आणि एवढं सगळं करूनही, डिस्चार्जनंतरचे साठ दिवस सोडले तर, त्यांच्या रोजच्या गोळ्या यातल्या कशातच बसत नाहीत. साखरेची, रक्तदाबाची, आता रक्त पातळ ठेवायच्या दोन वाढल्या. दवाखान्यात झोपल्याशिवाय विमा जागा होत नाही. देशाच्या आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ वर आला, असं सरकारी लेखा सांगतो. चांगलंच आहे. पण औषधाच्या दुकानातल्या काउंटरवर उभी असलेली माणसं स्ट्रिपमधल्या पाचच गोळ्या कापून मागतात तेव्हा ती कुठल्या टक्क्यातली, हे मला तिथे उभं राहून ठरवता येत नाही.

काकांच्या मुलीला, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत बहिणीला, आम्ही अँजिओप्लास्टी झाल्यावर कळवलं. आधी नाही. काकांची सक्त ताकीद होती: "तिकडे रात्र असेल. उगाच घाबरेल. सगळं नीट झालं की सांगू." ती न्यू जर्सीत असते. फोनवर आधी रडली, मग चिडली, आणि चिडता चिडता बोलून गेली की तिचा स्वतःचा घोटा जानेवारीच्या पहिल्याच आठवड्यात बर्फावरून पाय घसरून मुरगळलाय, सुजलाय, आणि ती त्यावर बर्फाच्या पिशव्या ठेवून घरूनच काम करतेय. आम्हाला सांगितलं नव्हतं. काका उशीला टेकून बसले होते, फोन स्पीकरवर होता. ते म्हणाले, "एक्स-रे काढलास का?" ती गप्प. मग म्हणाली, "बाबा, जानेवारी आहे ना."

मला कळलंच नाही. नंतर एका रविवारी तिनं मला सविस्तर सांगितलं. तिच्या प्लॅनचं डिडक्टिबल वर्षाला तीन हजार डॉलर. दर १ जानेवारीला मीटर शून्यावर. वर्षाची नियमित तपासणी, लसी वगैरे कायद्यानं फुकट, पण बाकी जवळजवळ सगळं पहिल्या तीन हजारांपर्यंत स्वतःच्या खिशातून. त्यानंतर पुढच्या खर्चाचा वीस टक्के वाटा तिचा, ऐंशी कंपनीचा. आणि हे असं करत करत वर्षात तिच्या खिशातून एकूण सात हजार गेले की थांबायचं. त्यापुढे नेटवर्कमधल्या डॉक्टरांकडचं पॉलिसीत बसणारं सगळं कंपनीचं, लाख डॉलर होवोत की दहा लाख. "म्हणून आमच्याकडे डिसेंबरात दवाखाने भरलेले असतात," ती म्हणाली, "ज्यांचं वर्षाचं भरून झालंय ते राहिलेली सगळी दुखणी उरकून घेतात. आणि जानेवारीत सगळे सहन करतात." शेवटी तिच्या घोट्याचं हाड चिरलेलं निघालं. प्लेट बसवली. ठरलेल्या दरानं खर्च अठरा हजार. तीन हजार डिडक्टिबलचे, उरलेल्या पंधराचे वीस टक्के म्हणजे आणखी तीन, असे सहा हजार तिचे. उरलेला हजार फिजिओथेरपीनं खाल्ला. मध्ये तिला घरी एक कागद आला, आकड्यांनी भरलेला, आणि वर ठळक छापलेलं की हे बिल नव्हे. ती म्हणाली, "बिलापेक्षा त्याचीच भीती जास्त वाटते." सात हजार डॉलरचे काकांनी मनातल्या मनात रुपये केले आणि म्हणाले, "सहा लाख! आणि हप्ता वेगळा?" हप्ता वेगळाच. तो या सात हजारांत धरत नाहीत, आणि नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरकडे आपण होऊन गेलं तर ते पैसेही धरत नाहीत.

इथवर ऐकून मला आपल्याकडचंच बरं वाटत होतं. दोन लाख चाळीस हजारांत अँजिओप्लास्टी, त्यातले आपले अठरा. पण मग तिनं सहज विचारलं, "बाबांच्या पॉलिसीत आउट-ऑफ-पॉकेटची मर्यादा किती आहे?" आणि मी फाइल उघडली. पुराच्या डागांची, माझ्याकडची. आतली सगळी पानं चाळली. अशी मर्यादा कुठेच नव्हती. मर्यादा होत्या, भरपूर होत्या: खोलीला, आयसीयूला, मोतीबिंदूला, शेवटी सम इन्शुअर्ड. पण त्या सगळ्या कंपनी किती देईल याच्या. काकांना जास्तीत जास्त किती द्यावं लागेल, हे त्या अख्ख्या फाइलमध्ये कुणी लिहिलेलं नव्हतं. तिकडे २०१० च्या कायद्यानं अशा प्लॅनमध्ये आजारी माणसाच्या खर्चाला छत घातलं, २०२५ साली एकट्या माणसाला जास्तीत जास्त ९,२०० डॉलर आणि कुटुंबाला १८,४००, आणि आवश्यक उपचारांवर कंपनीला वर्षाची किंवा जन्माची कमाल रक्कम ठरवायला बंदी केली. आमच्याकडे छत कंपनीच्या डोक्यावर आहे. तिचे पाच लाख संपले की ती मोकळी, आणि पुढचं सगळं, कितीही असो, आपलं. माझी बहीण तीन हजार डॉलरच्या धाकानं सुजलेला पाय घेऊन घरात बसली, हे मला अजूनही अमानुष वाटतं. पण तिला सगळ्यात वाईट काय होऊ शकतं याचा आकडा माहीत होता, आणि काकांना, इतक्या फाइली करून, तो माहीत नव्हता. त्यांचा सुपर टॉप-अप, ती एकावर एक रचलेली पॉलिसी, ही सगळी धडपड ते न बांधलेलं छत होता होईल तो वर ढकलण्याची होती.

आजीच्या वेळी हा आकडा हातात दिसायचा. माझे आजोबा आजारी पडले तेव्हा आधी सयाजी हॉस्पिटलचा केसपेपर, मग मुंबईची चक्कर, मग ऑपरेशन. आजीच्या हातात चार पाटल्या होत्या. मी पाहिली तेव्हा काचेच्या बांगड्याच होत्या, आणि मधेच एखादी नसलेली पाटली ती मनगटावरून मागे सारायची, सवयीनं. त्या पाटल्या कुणी मागितल्या नाहीत आणि तिनं दिल्याचंही कुणाला आठवत नाही. आमच्या घरात पैशांबद्दल बोलायचं नसतं असं नाही, भरपूर बोलतात. कुणी किती सोसलं, त्याबद्दल बोलायचं नसतं. काका त्याच घरात वाढलेत.

म्हणून एका संध्याकाळी, ते गच्चीत हळूहळू फेऱ्या मारत होते तेव्हा, मी पाकिटाचा विषय काढला. ते खूश झाले. म्हणाले, सोपं आहे, मोठं काही झालं तर तीनेक लाखांचं होईल, पाच टक्क्यांचे पंधरा हजार, वर फुटकळ पाच. कोविडच्या वर्षी भरून ठेवलं होतं. कुणाकडे हात पसरायला नको, आणि मुलीलाही 'बाबा, मी पाठवते' म्हणायची वेळ यायला नको. मग मी विचारलं, पैशांचं एवढं ठरलं होतं, तर दुखण्याचं का नाही ठरवलं? इतकं दुखलं की काकूला उठवायचं, असं काही? ते थांबले. कठड्याला अजून कुणाच्या तरी पतंगाचा मांजा अडकलेला होता, तो सोडवायला लागले. "उठवलं असतं तर ती घाबरली असती," म्हणाले. मी म्हटलं, मग घाबरू द्यायचं. ते म्हणाले, "तू तिला ओळखत नाहीस." चाळीस-बेचाळीस वर्षांच्या संसारावर मी काय बोलणार. पण मला राग आला होता, आणि रागाच्या आत ओळखीचंही काही होतं. मागच्या पावसाळ्यात पाठीत लचक भरली तेव्हा मी स्वतः घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता. गोळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात. तिकडे ती पाय बर्फात घालून बसलेली. एका घरातले आम्ही तिघं.

वर्ष फिरत आलं आणि रिन्यूअलचा महिना जवळ आला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला होता, तेव्हा काकांनी वाचलेल्या पैशांत सुपर टॉप-अप वाढवायचं ठरवलं. दहा लाखांचा वीस करायचा. सत्तरी गाठली की केंद्राचं पाच लाखांचं आयुष्मान कार्ड मिळेल, उत्पन्न कितीही असो, त्याचीही ते वाट बघतायत. साठीशांतीची इतकी वाट पाहिली नव्हती. टेबलावर कागद पसरले होते, मी फॉर्म भरत होते, आणि काकू आतून चहा घेऊन आली. चालताना तिनं एक हात भिंतीला लावलेला मी पाहिला. दुसऱ्या हातात ट्रे, कपांत चहा हिंदकळत होता.

"गुडघा?" मी विचारलं. "छे, थंडीनं," काकू म्हणाली. थंडी कुठे होती. काकांनी चष्म्यावरून वर पाहिलं आणि लगेच हिशेब मांडायला घेतला. दोन्ही गुडघे बदलायचे धरा चार-साडेचार लाख. चालू वर्षातले दोन लाख बावीस हजार आपण वापरलेत, म्हणजे खालच्या पॉलिसीत दोन अठ्ठ्याहत्तर शिल्लक. आत्ता केलं तर उरलेल्यासाठी वरच्या पॉलिसीकडे क्लेम, दोन कंपन्या, दोन फाइली. रिन्यूअलनंतर केलं तर पाच लाख पुन्हा कोरे, एकाच फाइलीत काम. गुडघ्यांसाठी पॉलिसीत थांबावं लागतं ती वेटिंगची तीन वर्षं तर केव्हाच झालीत. "तेव्हा पुढच्या महिन्याच्या अठरा तारखेनंतर," ते म्हणाले, आणि कॅलेंडरवर खूण करायला उठले.

मला न्यू जर्सीतला डिसेंबर आठवला, पण बोलायची गरज पडली नाही. काकूनं ट्रे फॉर्मवरच ठेवला. "माझा गुडघा तुमच्या तारखा बघून दुखत नाही," ती म्हणाली. "दिवाळीपासून दुखतोय. गेल्या दिवाळीपासून." आम्ही दोघंही तिच्याकडे बघत राहिलो. गेल्या दिवाळीपासून म्हणजे काकांच्या अँजिओप्लास्टीच्याही आधीपासून. दवाखान्याचे जिने, डब्यांच्या खेपा, सगळं त्या गुडघ्यावर. "बोलली का नाहीस?" काका जवळजवळ ओरडलेच. काकूनं माझ्याकडे पाहिलं, उत्तर तुला ठाऊक आहे अशा नजरेनं, आणि बशीत चहा ओतला.

डॉक्टरांची वेळ तिनं स्वतःच घेतली होती, सोमवारची, काकांना न विचारता. खोलीबद्दलही तिचं ठरलेलं होतं. "दोनच खाटांची घ्यायची. तुमच्या त्या कात्रीसाठी नाही. एकटीला मला करमत नाही. पलीकडे कोणी तरी बोलणारी हवी. मराठी मिळाली तर बरंच, गुजराती असेल तरी चालेल. फक्त दिवसभर सीरियल लावून बसणारी नको, आणि तुमच्यासारखी दुसऱ्याच्या पॉलिसीत नाक खुपसणारी तर मुळीच नको."